दाराच्या आतलं घर

फौजदारांनी गुडघे टेकले, चष्मा कपाळावर सरकवला आणि चौकटीवरून लोंबणारी कडी एका बोटाने हलवून पाहिली. तिचे स्क्रू खाली फरशीवर विखुरले होते. कुलूप मात्र जसेच्या तसे, बंद.

"कुलपाला धक्का लागलेला नाही," ते म्हणाले. "कडीच उपटली. सराईत माणसाचं काम नाही हे."

"म्हणजे आणखीच वाईट," मास्तरीण म्हणाली. "कोणीही येतं आणि दार उपटून जातं."

मास्तरीण हे काही तिचे खरे नाव नव्हे आणि ती कुठे शिकवतही नव्हती. फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला होती. पण दिवा कोणी चालू ठेवला, सिंकमध्ये कप कोणी टाकला, ओला टॉवेल खुर्चीवर कोणाचा, याची हजेरी ती रोज घ्यायची, म्हणून घरातल्या बाकी दोघींनी तिला हे नाव पाडले होते. त्यांतली एक झोपाळू. केव्हाही बघा, ती नुकतीच उठलेली असायची. दुसरी सुतळी. उंच, काटकुळी, लांब मानेची. सुतळी आणि मास्तरीण एकाच वर्गात, पहिल्या दिवसापासून एका बाकावर. तिघींच्या तीन खोल्या, मध्ये हॉल, एक स्वयंपाकघर आणि एकच बाथरूम, ज्याच्यावरून रोज सकाळी जुंपायची.

आत्ता झोपाळू भिंतीला टेकून नखे खात होती. सुतळीने फौजदारांसाठी हॉलमधली खुर्ची आणून ठेवली होती आणि तिच्या पाठीला धरून ती उभी होती.

आत कपाट सताड उघडे होते. कपडे पलंगावर ओढून टाकलेले. बाल्कनीचे दारही उघडे, त्यातून बोचरी थंडी येत होती.

"काय काय गेलं?"

"कोट. करड्या रंगाचा, लोकरीचा, नवा. पुढच्या आठवड्यात माझी मुलाखत आहे, त्यासाठी घेतला होता. एकदाही घातला नव्हता."

"आणखी?"

मास्तरीण घुटमळली. "बाकी सगळं आहे."

फौजदारांनी टेबलावरच्या लॅपटॉपकडे पाहिले, शेजारच्या मनगटी घड्याळाकडे पाहिले, मग तिच्याकडे. "थंडी वाजत असेल चोराला," ते म्हणाले. कोणी हसले नाही.

"ही खोली तुझी एकटीची?"

"हो. माझा करार वेगळा आहे. कुलूप माझं, किल्ली फक्त माझ्याकडे."

"पण या दोघींची ये-जा असेल की. मैत्रिणी म्हटल्यावर."

"नाही. मला विचारल्याशिवाय आत कोणी येत नाही."

हे ती जरा ठासूनच बोलली. पूर्वी तसे नव्हते. पूर्वी तिन्ही दारे उघडी असायची आणि सुतळी मास्तरणीच्या खोलीत स्वतःच्या खोलीसारखी वावरायची. पिना ने, मोजे ने, उशी ने. मग एकदा तिने स्वेटर नेला आणि शाईचा डाग पाडून आणला, तोही घडी घालून, डाग आतल्या बाजूला करून. मास्तरीण भडकली. नको ते बोलली. "तुझ्या घरी चालत असेल हे, माझ्याकडे नाही चालायचं," असेही बोलली. दुसऱ्या दिवशी तिने सुताराला बोलावून कडी ठोकून घेतली. पुढे दोघी पुन्हा बोलू लागल्या, एकत्र चहा घेऊ लागल्या, पण कडी राहिली, आणि सुतळीने त्यानंतर तिच्याकडे साधी टाचणीसुद्धा मागितली नाही.

फौजदारांनी सगळे लिहून घेतले. मास्तरणीने तक्रारीवर सही केली. सुतळीने त्यांना दारापर्यंत सोडले आणि परत येऊन पलंगावरच्या कपड्यांच्या घड्या घालू लागली.

"राहू दे गं, मी घालते," मास्तरीण म्हणाली.

"असू दे," सुतळी म्हणाली. तिने एकेक कपडा झटकून, कडा जुळवून, सगळे कपाट लावून दिले.

*

दोन दिवसांनी फौजदार पुन्हा आले. या वेळी ते खोलीकडे गेलेच नाहीत. स्वयंपाकघरात तिघी होत्या, तिथेच स्टूल ओढून बसले. इमारतीच्या दाराशी कॅमेरा आहे, त्याचे चित्रण पाहून आलो, असे म्हणत त्यांनी खिशातून फोन काढला. तो त्यांनी चालू करायच्या आतच सुतळी म्हणाली,

"मी घेतला."

मास्तरणीला पहिल्यांदा हसूच आले. तिला वाटले, ही फौजदारांची फिरकी घेतेय. मग तिने सुतळीचा चेहरा पाहिला.

सुतळीने सगळे सांगितले, एका सुरात, ओट्याकडे बघत. मोठ्या रुग्णालयात तिची मुलाखत होती. सकाळी निघताना तिच्या जुन्या जाकिटाची शिवण फाटली, ती खांद्यापर्यंत उसवत गेली. घरात कोणी नव्हते. मास्तरीण वॉर्डात, झोपाळू गावी, रात्री परतणार. चमच्याच्या दांड्याने तिने कडीचे स्क्रू काढले. संध्याकाळी मास्तरीण यायच्या आत कोट जागेवर आणि कडी चौकटीवर, असा तिचा बेत होता. मुलाखत छान झाली. इतकी छान की त्यांनी तिथल्या तिथेच निवड झाल्याचे सांगितले. परतीच्या बसमध्ये उकडत होते, म्हणून तिने कोट काढून शेजारी ठेवला, आणि त्या आनंदात तशीच उतरली. डेपोत जाऊन आली, मिळाला नाही. मग घाबरली. कपडे ओढून टाकले, बाल्कनीचे दार उघडले.

"फोन करून विचारायचंस ना," फौजदार म्हणाले. त्यांचा आवाज वडीलधाऱ्या माणसासारखा झाला होता. "एक कोट तर होता."

सुतळीने ओट्यावरून बोट फिरवले. मग म्हणाली, "नाही म्हणाली असती ती."

फौजदारांनी तेही लिहून घेतले.

*

मास्तरीण चौकीवर गेली ती तक्रार मागे घ्यायला. आपलीच तक्रार, आपणच फाडून टाकू, इतके सोपे तिला ते वाटले होते. वाटेत तिने काय बोलायचे तेही ठरवले होते. माफ केले, असे म्हणायचे नाही; आमच्या घरातली गोष्ट आहे, आम्ही बघून घेऊ, असे म्हणायचे.

फौजदारांनी तिला बसवले आणि चहा मागवला. चहा आला म्हणजे बातमी वाईट असणार, हे तिला तेव्हा कळले नाही.

"हॉलमधून उचलला असता ना कोट," ते म्हणाले, "तर मी दोघींना समोर बसवून, कान धरायला लावून घरी पाठवलं असतं. हॉल तिघींचा. स्वयंपाकघर तिघींचं. पण तुझी खोली तुझी एकटीची आहे. कुलूप आहे, किल्ली दुसऱ्या कोणाकडे नाही, विचारल्याशिवाय कोणी येत नाही. कायद्याच्या लेखी त्या दाराच्या आत तुझं वेगळं घर आहे. ती राहायला शेजारच्या खोलीत असली तरी तुझ्या घरात ती परकीच. परक्या घराचं दार फोडून, वस्तू न्यायच्या इराद्याने आत गेली. याला चोरी नाही म्हणत. घरफोडी म्हणतात."

"पण साहेब, तिथं आम्ही तिघी राहतो. एकाच घरात."

"मी विचारलं होतं तुला. ये-जा असेल ना, म्हणून विचारलं होतं."

मास्तरणीने कप खाली ठेवला. ते प्रश्न त्यांनी सहज विचारलेत असे तिला वाटले होते. आणि तिने तोंडी परीक्षेत द्यावीत तशी खणखणीत उत्तरे दिली होती.

"मग मी आता उत्तर बदलते."

"बदल. पण फिर्याद आता तुझी नाही राहिली. सरकारची झाली. तू नको म्हणालीस तरी ती चालणार." त्यांनी तिचा अर्धा राहिलेला कप बाजूला सरकवला. "मलाही दोन मुली आहेत, बाळ. पण मी हे फाडू शकत नाही."

ती घरी आली तेव्हा सुतळीची खोली रिकामी होती. गादी गुंडाळून भिंतीला लावलेली, खिडकी बंद केलेली. झोपाळू म्हणाली, कॉलेजने तिला खटल्याचा निकाल लागेपर्यंत घरी बसायला सांगितलंय. रुग्णालयाचाही फोन आला होता म्हणे. रुग्णांच्या अंगाला हात लावायचं काम, त्यांना पोलीस पडताळणी स्वच्छ लागते.

मास्तरणीने फोन लावला. वाजत राहिला. पुढचे कित्येक आठवडे ती लावत राहिली आणि तो वाजत राहिला. स्वतःच्या मुलाखतीला ती जुना स्वेटर घालून गेली. तिला काय विचारले आणि तिने काय सांगितले, यातले नंतर तिला काहीच आठवेना.

*

सुतळीचा खटला एक वकीलबाई चालवत होत्या. त्यांनी मास्तरणीला आपल्या ऑफिसात बोलावून घेतले. खोली लहान, खुर्च्यांवर फायलींचे ढीग. वकीलबाईंनी एक ढीग उचलून जमिनीवर ठेवला आणि तिला जागा करून दिली.

"तुम्ही सरकारच्या साक्षीदार आहात," त्या म्हणाल्या. "सरकारी वकील विचारतील त्याला खरं उत्तर द्या. मग मी उठेन. मी एवढंच विचारणार आहे की तिने मागितला असता, तर तुम्ही कोट दिला असता का?"

मास्तरीण खुर्चीत पुढे सरकली.

"तुम्ही हो म्हणालात, तर मला सांगता येईल की या मुलींमध्ये वस्तू अशाच वापरल्या जायच्या. तिला वाटलं मैत्रीण नाही म्हणणार नाही, म्हणून ती आत गेली. संध्याकाळी परत ठेवणार होती. मग चोरीचा इरादा उरत नाही. इरादा नाही, तर घरफोडी नाही. सगळा खटला त्या एका क्षणावर आहे. दार उघडताना तिच्या मनात काय होतं."

"पण ती फौजदारांना म्हणाली होती की मी नाही म्हणेन."

"पोलिसांपुढे माणूस घाबरून काहीही बोलतो. न्यायाधीश तुमचं ऐकतील." वकीलबाईंनी पेनाचे टोपण लावले. "दिला असता ना?"

मास्तरणीने तोंड उघडले आणि तिला आपला कोट दिसला, कपाटात हँगरवर, प्लॅस्टिकसकट. सुतळी दारात उभी आहे, खांद्यावर उसवलेले जाकीट. देतेस का गं, आजच्या दिवस? ती स्वतःच्याच तोंडून निघणारे वाक्य ऐकू पाहत होती. स्वेटरची आठवण काढली असती. पुढच्या आठवड्यात मलाच घालायचाय, म्हणाली असती. बरोबरच होते ते. त्यात काही खोटे नव्हते.

"हो," ती म्हणाली. "दिला असता."

"असंच म्हणा. न थांबता म्हणा," वकीलबाई म्हणाल्या.

ती घरी आरशासमोर उभी राहून म्हणू लागली. दात घासताना, जिना उतरताना, रुग्णाचा खांदा फिरवताना मनातल्या मनात. हो, दिला असता. हळूहळू त्या शब्दांतली अडखळ गेली. एखादे दिवशी तर तिला ते खरेही वाटून जाई.

*

साक्षीदारांनी बाहेर थांबायचे असते. कोर्टाच्या लांब व्हरांड्यात भिंतीला लागून बाके होती. तिथे मास्तरीण सकाळपासून बसली होती, हात मांडीवर, पाठ ताठ. शेजारी एक पोक्त बाई येऊन बसल्या. त्यांनी नवे बूट घातले होते आणि ते चावत असावेत, कारण बसल्या बसल्या त्यांनी टाचा बाहेर काढल्या. मग उजवा गुडघा दोन्ही हातांनी धरून कण्हल्या.

"बसमध्ये अवघडला," त्या आपणहून म्हणाल्या. "रात्रभर दुमडूनच होता."

मास्तरणीला राहवले नाही. "काकू, पाय असा खाली सोडू नका. सरळ करा. टाच जमिनीवर, बोटं आपल्याकडे. आता गुडघा खाली दाबायचा, नुसता दाबायचा." ती खाली वाकली आणि तिने त्यांच्या गुडघ्याच्या वाटीभोवती अंगठे फिरवायला सुरुवात केली. "इथं दुखतं?"

"तिथंच. कसं गं बरोबर कळलं तुला?" बाईंनी डोळे मिटून घेतले. "आत बसवेना मला. एकेक शब्द कानात शिशासारखा पडतो. म्हटलं, बाहेरच थांबते. बरं वाटतंय हं. माझी मुलगीही अश्शीच दाबायची. हेच शिकत होती ती."

मास्तरणीचे अंगठे थांबले. तिने वर पाहिले. लांब मान. कानाच्या पाळीपासून खांद्यापर्यंत तीच रेषा.

"तुझं कोण आहे आत?" बाईंनी विचारले.

"मैत्रीण."

"बरं केलंस आलीस. माझ्या लेकीसाठी एकही नाही आली बघ. इतकी वर्षं एका घरात राहिल्या. एक मास्तरीण म्हणून होती. फोन केला की तिच्याशिवाय दुसरा विषय नाही. मास्तरणीने असं केलं, मास्तरीण असं म्हणाली. मी म्हणायचे, अगं, एकदा घेऊन तरी ये तिला घरी, बघू दे मला." त्या थांबल्या. "तिनंच तक्रार केली."

मास्तरीण त्यांच्या गुडघ्याकडे बघत होती. "तिला तेव्हा माहीत नसेल," ती म्हणाली. "कोणी केलं ते."

"तेच तर मी म्हणते. ह्यांना नाही पटत. पण माहीत असतं, तर कोणी करतं का असं? एका कोटापायी?" बाईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला. "दाब, दाब. थांबलीस का?"

ती दाबत राहिली. आता सांगायला हवे, असे तिला प्रत्येक वेळी वाटत होते आणि प्रत्येक वेळी बाई पुढचे काहीतरी बोलत होत्या. मुलगी घरी आल्यापासून खोलीतून बाहेर येत नाही. स्वतःची खोली असून दाराला कधी कडी लावत नाही, कोणी आत आलं तरी वळून बघत नाही. तिचे बाबा येतो म्हणाले होते, आदल्या संध्याकाळी नाही म्हणाले. आणि तरी आज सगळं नीट होणार आहे, कारण वकीलबाईंनी सांगितलंय, एकजण अशी साक्ष देणार आहे की झालंच काम.

दार उघडले. आधी वकीलबाई बाहेर आल्या, फाईल छातीशी धरून. त्यांच्या मागे सुतळी.

पूर्वीपेक्षाही वाळली होती. तिने आईला पाहिले, आणि आईच्या पायाशी उकिडवी बसलेल्या मास्तरणीला पाहिले.

"ही बघ," आई म्हणाली, "केव्हाची माझा गुडघा धरून बसलीये. ओळख ना पाळख. तिच्या मैत्रिणीसाठी आलीये बिचारी."

वकीलबाईंनी काही बोलायला तोंड उघडले. सुतळीने त्यांच्या बाहीवर हात ठेवला.

"हो का," ती म्हणाली.

मास्तरीण उभी राहिली. "काय झालं?" तिने विचारले. मग आईकडे ओझरते बघून, "काय झालं तुमचं?"

"मी कबूल केलं."

"काय?" आई बाकावरून अर्धी उठली. "अगं, साक्ष व्हायची होती ना? साक्ष झाली की सुटशील, असं म्हणाल्या ना ह्या?"

"मी तसंच समजावत होते," वकीलबाई थकलेल्या आवाजात म्हणाल्या. "आत गेल्यावर ऐनवेळी हिनं उभं राहून कबुली दिली. तुरुंगात जावं लागणार नाही. पण गुन्हा नावावर राहील. तो पुसता येत नाही. रुग्णालयात काम..." त्यांनी वाक्य पुरे केले नाही.

"का केलंस असं?" आई म्हणाली. "का गं?"

सुतळीने उत्तर दिले ते आईला. बघत मात्र ती मास्तरणीकडे होती.

"ती साक्ष खोटी होती, आई. मी मागितला असता तरी तिनं दिला नसता. मला ते माहीत होतं, म्हणून तर चमचा घेतला. तिलाही माहीत आहे. तिनं तिथं सगळ्यांसमोर उभं राहून माझ्यासाठी हो म्हणायचं आणि मी ते हो घेऊन जन्मभर हिंडायचं? ते मला नको होतं."

"चांगुलपणानं करत होती ना ती?"

"हो," सुतळी म्हणाली. "चांगुलपणानंच."

तिने आईच्या बुटांच्या टाचा ओढून वर चढवल्या, तिची पिशवी खांद्याला अडकवली आणि जिन्याकडे चालू लागली. वकीलबाई शिपायाशी बोलायला गेल्या. आईने बाकाचा आधार घेऊन तोल सावरला. डोळे कोरडे होते, नुसते भिरभिरत होते, कशावर ठरावे ते न कळल्यासारखे. ते मास्तरणीवर येऊन थांबले.

"तुझ्या मैत्रिणीचं व्हायचंय अजून?"

"झालं, काकू."

"सुटली?"

मास्तरणीने नकारार्थी मान हलवली.

"मग तिच्याजवळ जा ना," आई म्हणाली. "इथं काय उभी राहिलीस?"

खाली जिन्यावर सुतळी एकेक पायरी उतरून आईसाठी थांबत होती. वर तिने पाहिले नाही.